विश्लेषण : एकट्याच्या भटकंतीसाठी तंबू एकाचा घ्यावा की दोघांचा?

पावसाळा ओसरला की सह्याद्रीतील गडवाटा पुन्हा गजबजू लागतात. मोठ्या गटाबरोबर न जाता पाठीवर सॅक टाकून एकट्यानेच दोन-तीन दिवस फिरणारेही त्यात असतात. अशा भटक्याच्या सामानातील सर्वांत महागड्या वस्तूंपैकी एक म्हणजे तंबू. झोपणारा एकच, तेव्हा तंबूही एकाचा, हा हिशेब दुकानात शिरेपर्यंत सरळ वाटतो. मात्र तंबूवर छापलेला आकडा फक्त झोपणारी माणसे मोजतो. ओली सॅक, चिखलाचे बूट आणि पावसामुळे आत बसून काढावे लागणारे बारा तास त्यात धरलेले नसतात. निवड चुकली तर उतारावर गुडघे दुखू लागतात किंवा मध्यरात्री स्लीपिंग बॅग ओली होते. म्हणूनच हा प्रश्न केवळ ऐसपैस झोपण्याचा नाही, सुरक्षिततेचाही आहे.

‘एकाचा’ तंबू म्हणजे नेमका केवढा?

‘एकाचा’ किंवा ‘दोघांचा’ म्हणवण्यासाठी सर्व कंपन्यांना लागू असलेले एकच माप नाही. साधारणपणे एकाच्या तंबूचा तळ २१५ सेंटिमीटर लांब आणि ७० ते ९० सेंटिमीटर रुंद असतो. अनेक तंबू डोक्याकडे रुंद आणि पायाकडे निमुळते असतात. दोघांच्या तंबूची लांबी जवळपास तेवढीच, रुंदी मात्र १२५ ते १३५ सेंटिमीटर असते.

उदाहरणादाखल, २१५ बाय ७५ सेंटिमीटरच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे १.६ चौरस मीटर होते. नेहमीची मॅट १८३ बाय ५१ सेंटिमीटरची असते आणि ती सुमारे ०.९ चौरस मीटर जागा घेते. उरलेली ०.७ चौरस मीटर जागा एकसंध नसते. मॅटच्या दोन्ही बाजूंना मिळून २४ सेंटिमीटरची पट्टी उरते. पन्नास-साठ लिटरची भरलेली सॅक सुमारे ३५ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे ती शेजारी मावत नाही. तिला पायाखाली घ्यावे लागते किंवा बाहेर ठेवावे लागते.

दोघांच्या २१५ बाय १३० सेंटिमीटरच्या तंबूत एकटा झोपला तर मॅट सोडून जवळपास १.९ चौरस मीटर जागा उरते. त्याच तंबूत दोघे झोपले तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही कमी मोकळी जागा येते. म्हणजे दोघांच्या तंबूतील दोघांपेक्षा एकाच्या तंबूतील एकटा थोडा सुखी असतो. त्यामुळे छापील आकड्याचा अर्थ ‘इतकी माणसे कशीबशी मावतात’ असाच घ्यायला हवा.

वजनात खरोखर किती फरक पडतो?

एकाच कंपनीच्या, एकाच मालिकेतील दोन तंबूंची तुलना केली तर फरक साधारण ३०० ते ६०० ग्रॅमचा निघतो. खांब, खुंट्या, दोऱ्या आणि चेन दोन्हींना लागतातच. वाढते ते मुख्यतः कापड. त्यामुळे जागा दीडपटीहून अधिक वाढली तरी वजन त्या प्रमाणात वाढत नाही. हलक्या श्रेणीत एकाचा तंबू सव्वा ते दीड किलोचा, तर दोघांचा पावणेदोन किलोच्या आसपास मिळतो.

खरी अडचण वेगळी आहे. आपल्याकडे सहज मिळणारे, परवडणारे दोघांचे तंबू बहुधा अडीच ते तीन किलोचे असतात. दोघे असतील तर एकाने खांब आणि दुसऱ्याने कापड घेतले की प्रत्येकावर सव्वा-दीड किलोच येते. एकट्याला ही वाटणी करता येत नाही. सगळा भार त्याच्याच पाठीवर असतो.

सॅकचे वजन शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नसावे, असा ट्रेकर मंडळींचा साधा ठोकताळा आहे. साठ किलोच्या व्यक्तीसाठी ही मर्यादा १२ किलो होते. त्यातले तीन किलो तंबूनेच घेतले तर पाणी, शिधा, गरम कपडे आणि स्लीपिंग बॅगसाठी नऊच किलो उरतात. फेब्रुवारीनंतर अनेक गडांवरील टाक्यांतले पाणी आटू लागते आणि तीन-चार लिटर पाणी खालूनच न्यावे लागते. अशा वेळी वाचवलेला अर्धा किलो म्हणजे अर्धा लिटर जादा पाणी.

त्यातच तंबू भिजला की वजन आणखी वाढते. पावसाने किंवा दवाने ओले झालेले बाहेरचे कापड झटकून घडी केले तरी त्यात बरेच पाणी राहते. जितके कापड जास्त, तितके हे पाणीही जास्त.

सह्याद्रीत कोणत्या गोष्टी वेगळ्या आहेत?

पहिली गोष्ट कातळ. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा असो वा इतर गडांचे माथे, अनेक ठिकाणी बेसॉल्टच्या उघड्या कातळावर मुक्काम करावा लागतो. तेथे खुंटी ठोकता येत नाही. हलके होण्यासाठी एकाचे बरेच तंबू खुंट्यांच्या ताणावर किंवा चालण्याच्या काठ्यांवर उभे राहतील असे बनवलेले असतात. मातीच्या माळावर ते उत्तम, पण कातळावर प्रत्येक दोरीला दगड शोधत बसावे लागते. खांबांच्या सांगाड्यावर आपोआप उभा राहणारा तंबू येथे सोयीचा. त्यालाही दगड बांधावे लागतातच, कारण कड्यावर वारा खालून वर उसळतो आणि रिकामा तंबू सहज उचलून नेतो.

दुसरी गोष्ट जागा. गडावर सपाट, दगडविरहित जागा कमी असते. एकाचा तंबू झाडीच्या आडोशाला किंवा पडक्या जोत्याशेजारी बसून जातो, दोघांचा मावेलच असे नाही. मोठ्या तंबूसाठी जागा न मिळाल्याने कड्याच्या टोकाकडे सरकण्याचा मोह धोक्याचा ठरतो.

तिसरी गोष्ट प्राणी आणि कीटक. बूट रात्रभर बाहेर ठेवले तर सकाळी त्यात विंचू निघू शकतो. अनेक गडांवर माकडांचा उपद्रव आहे आणि खाण्याची पिशवी उघड्यावर ठेवली तर ती हमखास जाते. म्हणजे बूट आणि शिधा आत घ्यावा लागतो आणि एकाच्या तंबूत नेमकी तीच जागा नसते. यावर उपाय म्हणजे मोठी पडवी असलेला एकाचा तंबू. पडवी म्हणजे बाहेरचे कापड पुढे ताणून दारासमोर तयार झालेली झाकलेली जागा. सॅकला आवरण घालून ती पडवीत ठेवायची, बूट पिशवीत घालून पायाशी घ्यायचे आणि शिधा बंद डब्यात उशाशी ठेवायचा, अशी सोय लावता येते.

चौथी गोष्ट वाटेची. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या खड्या चढणीवर सॅकबाहेर बांधलेला तंबू खडकाला घासतो, अडकतो आणि तोल घालवतो. तंबू सॅकच्या आत मावला पाहिजे. फेकताच उघडणारे गोल चकतीसारखे तंबू गाडीने जाणाऱ्यांसाठी आहेत. ते पाठीवर घेऊन घाट चढणे शहाणपणाचे नाही.

पाऊस आणि दव यांचा या निवडीशी काय संबंध?

बहुतेक तंबूंना दोन थर असतात. आत जाळीदार कापड आणि बाहेर पाणी अडवणारे कापड. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभर वाफ बाहेर पडते. ती बाहेरच्या थंड कापडावर जमून थेंब होतात. तंबू गळतोय असे वाटते तेव्हा अनेकदा ते बाहेरचे पाणी नसते, आतलीच वाफ असते.

एकाच्या तंबूत भिंती अंगाजवळ असतात. कूस बदलताना स्लीपिंग बॅग ओल्या कापडाला टेकते. उंच माणसाचे पाय आणि डोके दोन्ही टोकांना लागतात. जाड हवेची मॅट असेल तर शरीर आणखी सात-आठ सेंटिमीटर वर उचलले जाते आणि उतरत्या भिंती अधिक जवळ येतात. पिसांची स्लीपिंग बॅग भिजली की तिचा फुगीरपणा जातो आणि ऊबही जाते. कृत्रिम धाग्यांची बॅग तुलनेने तग धरते. दोघांच्या तंबूत मधोमध झोपता येत असल्याने हा धोका कमी होतो.

पावसाळ्यात आणखी एक प्रश्न येतो तो वेळेचा. कोरड्या हिवाळी रात्री तंबूत फक्त झोपायला जायचे असते. स्वयंपाक, गप्पा, तारे पाहणे सारे बाहेर होते. पाऊस लागला की संध्याकाळी पाच ते सकाळी सात आतच काढावे लागतात. कपडे बदलणे, ओल्या वस्तू वेगळ्या ठेवणे, खाणे, बसून राहणे हे सारे मीटरभर उंचीच्या अरुंद जागेत करणे अनेकांना नकोसे होते. पावसात दोघांच्या तंबूचे जादा वजन सार्थकी लागते.

मात्र मुळात सह्याद्रीतील भर पावसात उघड्यावर तंबू ठोकणे हाच शेवटचा पर्याय असावा. घाटमाथ्यावर एका रात्रीत ओढे वाहू लागतात आणि दरडींचा धोका असतो. पायथ्याच्या गावात ओसरीवर किंवा घरगुती मुक्कामाची सोय पाहणे अधिक सुरक्षित आणि गावाच्याही फायद्याचे.

लहान तंबू जास्त उबदार असतो का?

हा समज अर्धाच खरा आहे. लहान जागेतील हवा अंगाच्या उष्णतेने थोडी लवकर तापते, पण तंबूचे पातळ कापड ती धरून ठेवत नाही. हवा खेळती ठेवण्यासाठी झरोके उघडे ठेवावे लागतात आणि ऊब त्यातूनही जाते. रात्रीची ऊब ठरते ती स्लीपिंग बॅग, कोरडे कपडे आणि विशेषतः अंगाखालची मॅट यांवर. जमीन शरीरातील उष्णता ओढून घेते. तंबू वाऱ्यापासून आणि ओलीपासून वाचवतो, हेच त्याचे मुख्य काम. म्हणून ऊब मिळावी यासाठी लहान तंबू घेण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या मॅटवर खर्च केलेले बरे.

येथे एक इशारा महत्त्वाचा आहे. मोठ्या तंबूत बसायला जागा असते म्हणून आतच स्टोव्ह पेटवण्याचा मोह होतो. तंबूचे कापड क्षणात पेट घेते. त्याहून घातक म्हणजे बंद जागेत जळणाऱ्या स्टोव्हमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, रंग नसतो. गुंगी येऊन झोप लागते आणि एकट्या भटक्याला उठवायला शेजारी कोणी नसते. तंबू एकाचा असो वा दोघांचा, स्टोव्ह किंवा शेगडी आत नेऊ नये.

हिमालयात हे गणित का बदलते?

हिमालयातील बहुतेक व्यावसायिक ट्रेकमध्ये तंबू आयोजकच पुरवतात. प्रश्न येतो तो स्वतःचे सामान स्वतः वाहणाऱ्यांसाठी. तेथे दोन्ही बाजूंची कारणे एकदम तीव्र होतात. चार हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के असतो. प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढाच कमी मिळतो आणि पाठीवरचा अर्धा किलो दुप्पट वाटतो. दुसरीकडे उंची वाढेल तसे दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. हिमाचलमधील हम्प्टा खिंड सुमारे ४,२७० मीटरवर आहे. अशा ठिकाणी भिजलेली स्लीपिंग बॅग म्हणजे नुसती गैरसोय राहत नाही, शरीराचे तापमान धोकादायकरीत्या उतरू शकते.

शिवाय हवामान बिघडले किंवा उंचीशी जुळवून घेण्यासाठी थांबावे लागले तर अख्खा दिवस तंबूत जातो. तेव्हा बसता येणे, कपडे सुकवत ठेवता येणे आणि सॅक कोरडी राहणे यांना मोल येते. म्हणून चार-पाच दिवसांच्या उंचावरील भटकंतीसाठी अनुभवी मंडळी अनेकदा दोघांचा हलका तंबू पसंत करतात. तो परवडत नसेल तर मोठ्या पडवीचा एकाचा तंबू हा दुसरा चांगला पर्याय. अडीच-तीन किलोचा स्वस्त तंबू मात्र तेथे दोन्हीकडून मार देतो. तो जड असतो आणि जोराच्या वाऱ्यात त्याचे फायबरचे खांब दगा देऊ शकतात. बर्फाळ हंगामासाठी वेगळ्या, भक्कम बांधणीचे तंबू लागतात. नेहमीचे तंबू त्यासाठी बनवलेले नसतात.

तंबू कोठेही ठोकता येतो का?

नाही. हरिश्चंद्रगड-कळसूबाई परिसर अभयारण्यात येतो आणि अभयारण्यात मुक्कामासाठी वन विभागाचे नियम लागू होतात. संरक्षित स्मारक असलेल्या गडांवर रात्रीच्या मुक्कामावर निर्बंध असू शकतात. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तेथील बुग्याळांवर, म्हणजे उंचावरील कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामास मनाई केली होती. त्यामुळे निघण्यापूर्वी स्थानिक वन कार्यालयात किंवा गावात चौकशी करणे आवश्यक ठरते.

या नियमांचा निवडीवरही परिणाम होतो. गडावर मुक्कामाची परवानगी नसेल आणि रात्र पायथ्याच्या गावातच काढायची असेल, तर तंबू ही अडीअडचणीची सोय उरते. वाटेत उशीर झाला, पाय मुरगळला, अंधार पडला तर आडोसा हवा, एवढ्यासाठी तो न्यायचा असेल तर सर्वांत हलका, एकाचा तंबू पुरेसा आहे.

किमतीचे काय?

आपल्याकडील बाजारात एक गंमत दिसते. दोघांचे साधे तंबू तीन-चार हजार रुपयांपासून मिळतात, तर एकाचे चांगले हलके तंबू त्याच्या कित्येक पट महाग असतात. कारण स्वस्त तंबू सहलीला जाणाऱ्या जोडप्यांना आणि मित्रांना डोळ्यासमोर ठेवून मोठ्या संख्येने बनतात. एकाचा तंबू वजनाबाबत काटेकोर असलेल्या गिर्यारोहक-भटक्यांसाठी असतो. त्यात पातळ पण मजबूत कापड आणि ॲल्युमिनियमचे खांब येतात. त्यामुळे खरेदीदारापुढील खरी निवड बहुधा ‘स्वस्त, जड आणि प्रशस्त’ की ‘महाग, हलका आणि अरुंद’ अशी असते.

नवख्याने लगेच मोठा खर्च करण्याची गरज नाही. मुंबई-पुण्यात तंबू भाड्याने मिळतात. दोन शनिवार-रविवार दोन प्रकारचे तंबू वापरून पाहिले की आपल्याला काय सोसवते, हे कोणत्याही जाहिरातीपेक्षा नीट कळते.

मग कोणी कोणता घ्यावा?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात सह्याद्रीत एक-दोन रात्रींसाठी फिरणारा, मध्यम उंचीचा आणि सामान मोजके ठेवणारा असेल तर एकाचा तंबू योग्य. खडे चढ, लांब पल्ले आणि पाणी वाहून नेण्याची वेळ असेल तेव्हाही तोच.

उंची सहा फुटांच्या आसपास असेल, रुंद मॅट वापरायची असेल, कॅमेऱ्याचे सामान बरोबर असेल किंवा बंद जागेत जीव घुसमटत असेल तर दोघांचा घ्यावा. पावसाची शक्यता असलेल्या दिवसांत आणि हिमालयातील अनेक दिवसांच्या भटकंतीतही तोच उपयोगी, मात्र वजन दोन किलोच्या आत असावे. कधीतरी जोडीदार किंवा मूल बरोबर येणार असेल तर एकाच खरेदीत दोन्ही कामे होतात. वाटेत कोणी जखमी किंवा भिजलेला भेटला तर त्याला आत घेता येते, हाही एक फायदा.

केवळ स्वस्त मिळतो म्हणून तीन किलोचा दोघांचा तंबू घेऊन एकट्याने लांबची मोहीम आखू नये. तो गाडीरस्त्यालगतच्या मुक्कामासाठी ठीक आहे.

घेण्यापूर्वी काय तपासावे?

दुकानात तंबू उभा करून मागावा. स्वतःची मॅट आत टाकून त्यावर आडवे व्हावे, मग ताठ बसून पाहावे. डोके किंवा पाय कापडाला लागत असतील तर तो तंबू आपल्यासाठी नाही. वजन विचारताना खुंट्या, दोऱ्या आणि पिशवीसह एकूण वजन विचारावे. जाहिरातीत अनेकदा फक्त कापड आणि खांबांचे वजन दिलेले असते.

पाणीरोधकता मिलिमीटरमध्ये दिलेली असते. कापड किती उंच पाण्याचा स्तंभ पेलू शकते, याचे ते माप. बाहेरच्या कापडासाठी १,५०० ते ३,००० मिलिमीटर पुरेसे समजले जाते. तळाचे कापड गुडघ्याच्या आणि कोपराच्या दाबाखाली येत असल्याने ते त्याहून सरस असलेले बरे. पावसात आधी बाहेरचे कापड उभारता येते का, हेही विचारावे. आतला थर आधी उभारावा लागत असेल तर तो झाकेपर्यंत भिजतो. नायलॉनचे कापड ओले झाल्यावर सैल पडते, त्यामुळे रात्री दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात.

शेवटची परीक्षा घराच्या गच्चीवर घेता येते. गच्चीवर खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणजे कातळावरची परिस्थिती आपोआप मिळते. विटा किंवा पाण्याने भरलेल्या बाटल्यांनी तंबू ताणून उभा करावा, वरून दोन-चार बादल्या पाणी ओतावे, भरलेल्या सॅकसह तासभर आत बसावे आणि दिवे घालवून अंधारात तो गुंडाळूनही पाहावा. सॅक, बूट आणि माणूस कोरडे राहिले, तर तंबूवर एक लिहिले आहे की दोन, याने फारसा फरक पडत नाही.